पुणे ते सावंतवाडी : मागच्या सीटवरून

माहेरची वाट बाईला कधी लांब वाटत नाही, असं म्हणतात. मला वाटली. पेठ नाक्यावर वाटली; आणि दोष वाटेचा नव्हता, मोटारसायकलच्या सीटचा होता!

माझं माहेर सावंतवाडीजवळच्या एका वाडीत. आई तिथे एकटीच राहते. वय ऐंशीच्या घरात. पुण्याला चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "माका थंय करमाचा नाय." मग दर दोन-अडीच महिन्यांनी आम्ही दोघंच जातो. रात्रीच्या बसमध्ये माझा डोळ्याला डोळा लागत नाही आणि घाटात पोटात ढवळतं, म्हणून मोटारसायकल. ह्यांना गाडीचा नाद लग्नाआधीपासूनचा. शिवाय खरं सांगू का? घरात आमचं बोलणं म्हणजे दूध, लाइटबिल आणि गॅस. बाकीचं सगळं जे बोलायचं असतं, ते आम्ही वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवर बोलतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर असेच निघालो. पल्ला पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास. शिरवळपर्यंत गार वारा, मजेत. खंबाटकीचा घाट चढताना शरीराच्या ज्या भागाचं नाव चारचौघांत घेत नाहीत, तो कुरकुरू लागला. साताऱ्याला मुंग्या, कऱ्हाडला पाय बधिर, आणि पेठ नाक्यावर उतरले ती ह्यांच्या खांद्याला धरूनच. दहा पावलं टाकायला पाच मिनिटं लागली. शेवटी कोल्हापूरला मी एसटीत बसले आणि हे मोटारसायकलने मागून आले. नवरा-बायको एकाच गावाला निघालेले. एक लाल गाडीत, दुसरा दोन चाकांवर! आई दोघांकडे आळीपाळीने बघतच राहिली. भांडण झालं की काय, असंच तिला वाटलं असणार.

परतताना हे म्हणाले, "यापुढे मी एकटाच जाऊन येत जाईन. तुझे हाल बघवत नाहीत."

बोलणं मायेचंच होतं, पण मला ते लागलं. आई माझी, आणि तिला भेटायला जाणार जावई एकटा! का, तर हातभर लांबीचं एक सीट मला सोसत नाही म्हणून! मी म्हटलं, "अहो, घरातली गादी टोचायला लागली तर आपण झोपणं सोडतो का? गादी बदलतो. मग हे सीटही बदलू या."

पुण्यात गाडीचं काही बदलायचं असलं की पावलं नाना पेठेकडे वळतात. नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ आता नटबोल्टांची आणि आरशांची पेठ झाली आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, वर टांगलेली चाकं, हेल्मेटं, साखळ्या. फुटपाथवरच गाड्या उघडून बसलेली पोरं. तेलाचा, रबराचा आणि नव्या रेक्झिनचा वास एकमेकांत मिसळलेला. लक्ष्मी रोडवर साडी निवडताना मी कधी बावचळत नाही; इथे मात्र अगदी नवखी झाले.

पहिल्या खेपेला आम्ही तयार सीट घेतलं. छान फुगीर, वर लाल दोऱ्याची शिलाई. मी अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा लोण्यात शिरावा तसा आत गेला. "जेल आहे मॅडम, विमानातल्यासारखं वाटेल," दुकानदार म्हणाला. दोन मिनिटं बसून पाहिलं, खरंच सुख वाटलं. साडेचार हजार मोजून घरी आलो.

परीक्षा म्हणून पुढच्या रविवारी वाईला गेलो. खेड शिवापूरपर्यंत मी खूश. शिरवळ गेलं आणि काहीतरी बिनसलं. सीट मऊ होतं खरं, पण मी त्यात रुतत गेले आणि खालच्या प्लॅस्टिकच्या तळाला जाऊन टेकले. उन्हाने ते जेल असं तापलं की तव्यावर बसल्यासारखं झालं. वाईला पोचल्यावर ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि कृष्णेच्या घाटावर पायरीवर बसले. बसल्याबरोबर जाणवलं की इथे बरं वाटतंय. दगडाची पायरी! टणक, पण सपाट आणि रुंद. साडेचार हजारांच्या मऊ सीटपेक्षा ती फुकटची पायरी बरी वाटली. मनात म्हटलं, बाई, इथे काहीतरी शिकण्यासारखं आहे.

दुसऱ्या खेपेला दुकानात न जाता आम्ही सीट शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. बोळाच्या तोंडाशी चार बाय सहाची जागा, फोमचे पिवळे-पांढरे लगदे, कात्री, सोल्युशनचा डबा आणि पिना मारायचं यंत्र. कारागीर साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ह्यांनी गाडीचं नाव, मॉडेल, साल सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो सब ठीक है साहेब, पण मागे बसणार कोण?"

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी मागे बसते आहे. गाडी घेताना, सीट घेताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ह्यांनीही नाही, आणि लाजेकाजेस्तव मीही तो कधी काढला नव्हता.

चाचांनी आमच्या नव्या सीटवर मूठ ठेवली आणि अंगाचा भार टाकला. मूठ सरळ तळाला. "बघा ताई, तळ लागला. नुसता स्पंज आहे. हाताला गोड, हाडाला कडू." मग समजावून सांगितलं. बसलं की आपला भार खाली असलेल्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असला की ती हाडं तो दाबून तळ गाठतात आणि सगळा भार त्या दोन टोकांवरच राहतो. फोम घट्ट आणि पुरेसा रुंद असला तर भार सगळीकडे वाटला जातो. बायकांच्या त्या हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं. म्हणून अरुंद सीटवर ती कडेवर येतात, आणि पुरुषाला बरं वाटणारं सीट बायकोला टोचतं.

"घरी पुठ्ठ्यावर बसून या," ते म्हणाले. मैत्रिणींनो, ही युक्ती तुम्हीही करून पाहा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर दोन मिनिटं बसायचं आणि पाय किंचित उचलायचे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. सीटचा सपाट भाग त्याहून चांगला ऐसपैस हवा. ह्यांनीही हौसेने बसून पाहिलं. माझे खळगे त्यांच्यापेक्षा अंगठाभर लांब निघाले. "म्हणजे तू उगाच कुरकुरत नव्हतीस तर," हे म्हणाले. एवढं कबूल करून घ्यायला एक पुठ्ठा लागला!

चाचांनी आधी एक जुना तळ शोधून आणायला सांगितला, म्हणजे कंपनीचं मूळ सीट जसंच्या तसं घरी राहतं. त्यावर खाली घट्ट एचआर फोम, वर जेमतेम इंचभर मऊ थर. रुंदी दोन्ही बाजूंना वाढवली, पण बेताने. फार रुंद केलं तर मांड्या फाकतात आणि पाय पायटांवर नीट टेकत नाहीत. मांडीखालची कड गोल केली. मूळ सीट पुढच्या बाजूला उतरतं होतं, त्यामुळे ब्रेक लागला की मी घसरत ह्यांच्या पाठीवर जायची. तो उतार काढून बैठक जवळजवळ सपाट केली. माझी बाजू इंचभर उंच झाली, त्याने गुडघ्यांची घडी सैल झाली. ह्यांच्या बाजूची उंची मात्र मुळीच वाढवली नाही. चालवणाऱ्याचे पाय जमिनीला पक्के टेकलेच पाहिजेत. वरचं कापड खरखरीत, बैठकीच्या मधोमध शिलाई नाही. मधली शिवण टोचते आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. एकदा भिजलेला फोम लवकर वाळत नाही.

सगळे मिळून बावीसशे रुपये झाले. अर्धा दिवस मी तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. चाचा मधूनमधून मला सीटवर बसवत, "इकडे लागतं का, तिकडे लागतं का" विचारत आणि पातळ पात्याने फोम तासत. ब्लाउज बेतून घेताना शिंपीणबाईही इतकी चौकशी करत नाही!

जानेवारी २०२३ मध्ये पहाटे साडेपाचला निघालो. दोन माणसं आणि सामान म्हणून ह्यांनी मागचे शॉकअप थोडे कडक करून घेतले होते आणि चाकांत पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोघांची हवा भरली होती. नाहीतर शॉकअपच्या चुकीची शिक्षा सीटला होते. ठरवलं होतं की दुखो न दुखो, तासाभराने उतरायचंच. साताऱ्याला नाश्ता आणि आईसाठी कंदी पेढे. कऱ्हाडला चहा. पेठ नाका आला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. उतरले. चालले. कोणाच्या खांद्याला न धरता! हे काही बोलले नाहीत, नुसता चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

कोल्हापूरला जेवलो. निपाणीला हमरस्ता सोडला आणि उत्तूरवरून आजऱ्याकडे वळलो. तिथून पुढे रस्ता बदलतो, हवा बदलते, झाडं दाटतात. आजऱ्याला घनसाळ तांदूळ घेतला. शिजताना घरभर दरवळणारा हा तांदूळ आईला फार आवडतो. आंबोलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि गारठा पडायला लागला होता. टपरीवर कांदाभजी आणि चहा घेतला. मागच्या खेपेला इथून मी एसटीच्या खिडकीतून गेले होते, डोळे मिटून, तोंडावर रुमाल धरून. या वेळी घाट उतरताना डोळे उघडे होते. उतारावरच सीटची खरी परीक्षा. मी पुढे घसरले नाही, जागच्या जागी राहिले, आणि खाली पसरलेलं कोकण पोटभर पाहिलं.

खोटं सांगणार नाही. शेवटच्या तासात अंग आंबलंच. पावणेचारशे किलोमीटर बसून राहिलं तर सिंहासनही टोचेल. पण आंबणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. सावंतवाडीत शिरलो तेव्हा मोती तलावाच्या पाण्यात दिवे उतरले होते. गाडी थांबवून दोन मिनिटं काठावर उभी राहिले. आपल्या माणसासोबत, आपल्या पायांवर.

तुम्हीही मागे बसत असाल तर थोडं सांगते. सीट हाताने दाबून निवडू नका. निदान वीस मिनिटं बसून पाहा, आणि जी बसणार तिनेच बसून पाहा. सीट बदलताना मागची पकडायची दांडी किंवा साडीगार्ड काढू देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा असायलाच हवा. सीट बसवल्यावर जोराने ओढून कुलूप पक्कं लागलं का ते बघा. साडी नेसून एका बाजूला बसण्यापेक्षा लांबच्या प्रवासाला सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसा. पाठीला पीळ पडत नाही. डोक्यावर हेल्मेट तुमच्याही हवं. गतिरोधक दिसला की पायटांवर भार देऊन किंचित उठा. आणि सीट बदलूनही माकडहाड दुखतच राहिलं, तर कारागिराकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

आई खळ्यातच उभी होती. मी उतरले, तशी म्हणाली, "काय गो, आज कमरेक हात लावल्याशिवाय उतरलंस!"

रात्री जेवताना तिला सगळी हकिगत सांगितली. चाचा, पुठ्ठा, फोम. ती हसली. म्हणाली, तिच्या लहानपणी जत्रेला बैलगाडीने जात, तेव्हा गाडीत पेंढा किती अंथरायचा ते तिची आजी ठरवायची. कमी झाला तर फळ्या लागत. जास्त झाला तर माणूस आत रुतून फळीलाच टेके. म्हणून पेंढा घालून आजी स्वतः वर चढायची आणि तुडवून घट्ट करायची. मग बाकीच्या बायका-पोरांना बसवायची.

ह्यांनी घनसाळ भाताचा घास घेत विचारलं, "मग पुढची खेप कधी?"

"होळीला," मी म्हटलं. "दोघंही."