न आलेल्या पत्राची चौकशी

"तुम्ही तर घरीच असता, मग नोकरी कोठे करता?" हा प्रश्न महाडच्या बाजारपेठेत आम्हांस इतक्या वेळा विचारण्यात आला आहे, की आता उत्तर देण्याऐवजी आम्ही नुसते हसतो. विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. महाड-पोलादपूरच्या मुलखात नोकरी म्हणजे गाव सोडणे, हे समीकरण पिढ्यानुपिढ्या चालत आलेले आहे. तरुण मुंबईस जावा, गिरणीत किंवा गोदीत लागावा, आणि गणपतीस व शिमग्यास चाकरमानी होऊन घरी यावा. मधल्या काळात त्याची खुशाली पत्राने आणि कमाई मनिऑर्डरीने यावी, अशी येथील जुनी रीत होती. माणूस घरी आणि त्याचे काम मात्र साता समुद्रांपलीकडे, ही उलटी तऱ्हा लोकांस चमत्कारिक वाटली तर नवल नाही.

आमच्या कामाचे नाव 'ऑनलाइन कम्युनिटी मॅनेजर'. आमच्या वडिलांस, म्हणजे तात्यांस, ते प्रथम सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे गावचा सरपंच की देवळाचा पुजारी?" विचार करता दोहोंचाही थोडा थोडा अंश त्यात आहे असे आम्हांस दिसून आले. परदेशांतील मराठी मुलांस मराठी शिकविणाऱ्या एका संस्थेत आम्ही आहोत. त्या मुलांचे आईबाप, आजीआजोबा व शिक्षक असे काही हजार लोक इंटरनेटवर एका ठिकाणी जमतात, लिहितात, विचारतात, क्वचित भांडतात. त्या जागेची व्यवस्था आमच्याकडे आहे. दूरदेशीच्या मराठी माणसांनी असे जमणे हे काही आजचे नव्हे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालीच सुरू झाले. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा आहे, आणि तेथे देखरेख करणारास 'प्रचालक' असे सुटसुटीत नावही आहे. आम्ही तेच काम पगार घेऊन करतो, इतकाच काय तो भेद.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा लॅपटॉप काखोटीस मारून आम्ही पुण्याहून महाडास आलो. तीन आठवड्यांसाठी म्हणून आलो ते येथेच राहिलो. ओसरीला लागून असलेल्या खोलीत आमचे टेबल लागले. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कात ऋतुमानाप्रमाणे आदल्या रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. मुले निजवून आया लिहावयास बसतात ती हीच वेळ. त्यामुळे वहिनींचा पहिला चहा आणि अमेरिकेतील शेवटची जांभई यांची गाठ रोज आमच्या टेबलावर पडते. रात्री आलेले सर्व लेखन वाचावे, नव्या सभासदांचे स्वागत करावे, जाहिराती काढून टाकाव्यात, तक्रारींचा निवाडा करावा, आणि नियम मोडणारास आधी समज द्यावी व न ऐकल्यास काही काळ दार बंद करावे, असा हा दिनक्रम. महिन्याच्या अखेरीस वरिष्ठांकडे आकडे पाठवावयाचे असतात: किती लोक आले, किती लेख लिहिले गेले, किती तक्रारी मिटल्या. हे आकडे चांगले असले म्हणजे आम्हीही चांगले, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती.

तात्यांची हयात टपालखात्यात गेली. त्यातील बरीच वर्षे पोलादपुरास. कापडे, उमरठ या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरी त्यांच्या हातून जात. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी चार बोटे जागा असे. तेवढ्यात लेक आईस प्रकृती विचारी, शेताचे विचारी, आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणून लिही. आमच्या कामाची हकीकत ऐकून घेतल्यावर तात्या एकदा म्हणाले, "आलेले पत्र कोणीही पोहोचवील. एखाद्या म्हातारीची मनिऑर्डर दर महिन्यास येते आणि या महिन्यास आली नाही, हे ध्यानात ठेवून पोस्टमनबरोबर तिला 'काळजी करू नको' असा निरोप धाडणे, हे खरे काम. ते कोणत्याही रजिस्टरात लिहावे लागत नसे." आम्ही मान डोलविली. थोरांच्या बोलण्यास मान डोलविणे सोपे असते.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात एक प्रकरण उद्भवले. आमच्या सभासदांत अमेरिकेत मुलाकडे राहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. भाषेचे जाणकार, पण जिव्हा तिखट. परदेशातच वाढलेल्या एका तरुण आईने आपल्या मुलीविषयी मोडक्यातोडक्या मराठीत चार ओळी लिहिल्या. गृहस्थांनी त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका मोजून दाखविल्या, आणि "आईचीच ही दशा, तर मुलीने काय शिकावे?" अशी वर पुरवणी जोडली. त्यांस पूर्वी दोनदा समज दिलेली होती. आम्ही नियम उघडला, कलम काढले, आणि तीन महिन्यांसाठी त्यांचे दार बंद केले. प्रकरण निकालात निघाले. त्या रात्री जेवताना आम्ही ही हकीकत किंचित अभिमानानेच सांगितली.

तात्यांनी भात कालविता कालविता विचारले, "आणि ती बाई? ती पुन्हा लिहिते का?"

आम्हांस ठाऊक नव्हते. पानावरून उठून पाहिले, तो तिने आपल्या चारही ओळी पुसून टाकल्या होत्या व त्यानंतर एक अक्षर लिहिले नव्हते. उद्या तिला विचारू, असे आम्ही म्हटले. तो उद्या दोन महिने उगवला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

दार कोणास उघडे आणि कोणास बंद, हा प्रश्न खरे तर आमच्या गावास तरी हलका वाटू नये. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. परंतु कागदावर उघडलेल्या त्या तळ्याकडे जाण्याची सोय अस्पृश्य मानलेल्यांस नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर आमच्यासारख्याच घरांतील माणसांनी तळे 'शुद्ध' करून घेतले, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. त्या थोर लढ्याशी आमच्या टेबलावरील क्षुल्लक प्रकरणाची बरोबरी करण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. परंतु नियमात बंदी नाही म्हणजे वाट मोकळी आहे असे नव्हे, हे ज्या गावात राहून आम्ही शिकावयाचे, तेथेच आम्ही ते विसरलो होतो. त्या आईस कोणत्याही कलमाने मनाई केलेली नव्हती. तरी ती बाहेर होती. आणि बाहेर राहिलेल्यांचा आकडा आमच्या मासिक तक्त्यात नव्हता.

आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. सावित्रीचा उगम महाबळेश्वरी; तेथे २२ व २३ जुलैच्या दरम्यान एका अहोरात्रात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. ते सारे पाणी पोलादपूरावरून खाली महाडावर आले, आणि गांधारीचीही त्यास जोड मिळाली. महाडकरांस पूर नवा नाही. २००५ चा जुलै पुष्कळांच्या स्मरणात आहे. पण या खेपेस पाणी ओसरीच्या पायऱ्या चढले, खोलीत शिरले, आणि आमचे टेबल पाहता पाहता तरंगू लागले. आईस व तात्यांस हात देऊन माडीवर नेले. दादा व वहिनींनी जमतील तेवढे धान्याचे डबे वर ओढले. वीज गेली, मागोमाग मोबाइलही मुका झाला. त्याच सायंकाळी तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून ८० हून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी घरे गिळली. आमच्यापासून काही कोसांवर घडलेले हे अनर्थ आम्हांस दूरच्या मुलखातील लोकांच्या मागून समजले.

पाणी उतरल्यावर राहिला तो चिखल. फावड्याने, सुपाने, अखेर हातांनी तो उपसण्यात आठवडा गेला. ठिकठिकाणांहून अनोळखी माणसे झाडू, औषधे व भाकऱ्या घेऊन आली, आणि कोणी न सांगता आमच्या आळीतील घरे धुऊ लागली. नोकरीची आठवणही आम्हांस नव्हती. तात्या मात्र रोज एकच वाक्य बोलत: "पोलादपूरची काही खबर नाही." आमच्या आत्या तेथे राहतात. वाटेत दरडीची माती अद्याप पडलेली. तरी आठव्या दिवशी तात्यांनी हट्टच धरला, आणि दादांच्या स्नेह्याच्या जीपमधून त्यांस घेऊन आम्ही निघालो. महाडापासून पोलादपूर सुमारे वीस किलोमीटर. त्या दिवशी तेवढ्यास निम्मा दिवस लागला.

आत्या सुखरूप होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी भावाकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "मला ठाऊक होते, कोणी आले नाही तर तू येशील." दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढची, कोणाच्याच डोळ्यांस पाणी आले नाही. आत्यांनी चहा टाकला.

त्याच ओट्यावर आमच्या खिशातील मोबाइल आठ दिवसांनी जागा झाला. कार्यालयाचे निरोप होते. कामाचा खोळंबा किती झाला, तो कधी भरून निघेल, अशी योग्य ती विचारणा त्यांत होती. काही हजार सभासदांपैकी बहुतेकांस, व्यवस्था पाहणारा माणूस महाडात राहतो, हे माहीतही नसावे. परंतु एक नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले. दार बंद केलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी २३ जुलैपासून रोज एक पत्र धाडले होते. पहिल्यात म्हटले होते की, 'आपले गाव महाड असे कधी काळी आपण लिहिल्याचे स्मरते, वर्तमानपत्रात पुराची बातमी वाचली, कुशल कळवावे.' दुसऱ्यात एकच ओळ: 'उत्तर आले नाही.' पुढे सहा दिवस तीच ओळ, रोज, एकही ऱ्हस्वदीर्घ न चुकता.

आम्ही ती पत्रे तात्यांस वाचून दाखविली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पोस्टात हवा होता."

त्या रात्री आत्यांच्या घरी, कंदिलाच्या उजेडात, आम्ही दोन पत्रे लिहिली. एक त्या गृहस्थांस, कुशल कळविण्यासाठी. दुसरे, दोन महिने उशिरा, त्या आईस. तिचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. मराठी अर्थात मोडकेतोडके. तिने लिहिले होते, की त्या आजोबांच्या बोलण्याचे तिला इतके वाईट वाटले नाही. तिच्या वडिलांचाही स्वभाव तसाच होता. वाईट वाटले ते याचे, की त्यानंतर कोणीच काही विचारले नाही. तेव्हा तिला वाटले, सर्वांचे मत तेच असावे.

शिक्षा देऊन न्याय केला असे आम्ही समजत होतो. परंतु ज्याच्यासाठी न्याय करावयाचा ते माणूस आमच्या मौनासच निकाल समजून निघून गेले होते. गृहस्थांची शिक्षा चूक होती असे आम्ही आजही म्हणत नाही. मुदत संपेपर्यंत ती आम्ही उठविलीही नाही, आणि त्यांनीही तसे कधी सुचविले नाही. ऑगस्टअखेर दार उघडले, तेव्हा त्यांचे पहिले लेखन त्या आईस उद्देशून होते. त्यात क्षमा हा शब्द नव्हता. तिच्या मुलीस वाचावयास कोणती पुस्तके द्यावी, त्याची यादी होती. तिने आभार मानले, तीन चुकांसह. त्या चुका कोणी मोजल्या नाहीत. आम्ही मोजल्या, हा आमच्या धंद्याचा दोष.

टेबल नवे आले आहे. त्यावर लॅपटॉपशेजारी एक साधी वही असते. तीत महिन्याच्या तक्त्यात न बसणारी नावे आम्ही लिहून ठेवतो: पूर्वी लिहीत असत आणि आता लिहीत नाहीत, अशांची. रोज त्यांतील दोघातिघांस दोन ओळी धाडतो. काहींचे उत्तर येते, काहींचे येत नाही. सायंकाळी दिवे लागले, की तात्या काठी टेकीत खोलीच्या दाराशी येतात. आज किती लोक आले, हे ते कधी विचारीत नाहीत. "आज कोण आले नाही?" असे विचारतात, आणि उत्तर ऐकण्यासाठी खुर्ची ओढून बसतात.