सिल्व्हर लॅब

लॅब्रेडोरच्या रंगांचं गणित शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्यांसारखंच आहे. मान्यताप्राप्त रंग तीन: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. जनुकं मात्र दोनच. 'बी'च्या आई आणि बाप दोघांकडून आलेल्या प्रती अप्रभावी असल्या की काळ्याचा चॉकलेटी होतो. 'ई'च्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की केसांत गडद रंग उतरतच नाही आणि पिल्लू पिवळं होतं, मग 'बी' काहीही म्हणो! (त्याचं नाक बघायचं. 'बी'चं म्हणणं तिथे दिसतं, काळं किंवा तपकिरी.) त्यामुळे काळ्याकुळकुळीत जोडीलाही तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात. दोघांकडे दोन्ही अप्रभावी प्रती लपलेल्या असतील, तर सोळात सरासरी नऊ काळी, तीन चॉकलेटी, चार पिवळी.

आज हे सगळं आठवलं ते मामेभावाच्या फोनमुळे. "ताई, सिल्व्हर लॅब मिळतोय. रंग दुर्मिळ आहे म्हणून किंमत जास्त सांगतायत." फोटोही पाठवला. पिल्लू गोड आहे, यात वादच नाही.

सिल्व्हर म्हणजे फिका पडलेला चॉकलेटी. इथे 'डी' नावाचं तिसरं जनुक येतं. त्याच्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की रंगाचे कण केसात सारखे पसरत नाहीत, गुठळ्या होऊन बसतात, आणि रंग विटल्यासारखा दिसतो. वायमारनर जातीची कुत्री सगळी अशीच असतात. लॅबमध्ये हे जनुक आलं कुठून, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. असो. मला काळजी वाटते ती वेगळीच. अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस वाढत्या वयात तुटून विरळ होतात आणि कातडीचे विकार मागे लागतात. ते आटोक्यात ठेवता येतं, मुळापासून बरं होत नाही.

आणि दुसरी गोष्ट. अप्रभावी रंग हमखास हवा, तर तो असणारी किंवा लपवून बाळगणारी मोजकीच कुत्री एकमेकांना द्यायची. म्हणजे हळूहळू नात्यातल्या नात्यातच सोयरीक! रंगाबरोबर घराण्यातली दुखणीही दोन्ही बाजूंनी येतात. ब्रिटनमधल्या ३३ हजारांवर लॅब्रेडोरांच्या दवाखान्यातल्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेटी लॅबचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं निघालं, बाकीच्यांचं १२.१. कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटींमध्येच जास्त. संशोधकांचा संशय रंगापेक्षा रंगासाठी केलेल्या निवडीवर जास्त होता.

दीड वर्ष म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढं तरी.

भावाला म्हटलं, रंगाचं राहू दे. पिल्लाचे आईबाप बघायला मागं, त्यांच्या खुब्याचे एक्स-रे माग, आजी-आजोबा किती वर्षं जगले ते विचार. यांची धड उत्तरं मिळाली, तर मग पिल्लू काळं, पिवळं, कसंही असो, घेऊन ये.