ओसरीवर जन्मलेलं मूल

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.’ ही म्हण न्यू जर्सीतून, फोनवर, एका चुलतभावाच्या तोंडून ऐकली आणि आधी हसूच आलं. मग हसू ओसरलं, म्हण मात्र डोक्यातून जाईना. भट कोण, ओसरी कुणाची, हे त्याला विचारायला हवं होतं. पण तो तावातावाने बोलत होता. आम्ही रांगेत उभे राहिलो, कर भरले, आणि ही माणसं कुंपण ओलांडून येतात, पोरं जन्माला घालतात, की झाली ती अमेरिकन!

ओसरी मला आठवते ती आजोळची. अंगण आणि माजघर यांच्या मधली जागा. वर छप्पर, पण दाराला कडी नाही. लग्नसराईत शिंपी तिथेच मशीन मांडून बसायचा. कीर्तनकार मुक्कामाला आले तर त्यांची वळकटी तिथेच पडायची. काही माणसं ओसरीपर्यंतही पोचायची नाहीत, ती अंगणात उभी राहायची. त्यांच्याबद्दल म्हण नाही. आणि म्हणीतला भट? तो बिचारा गावोगाव पंचांग काखेत मारून फिरणारा, दक्षिणेवर जगणारा गरीब माणूस असणार. त्याला ओसरी दिली, कारण घरात सत्यनारायण होता, म्हणजे गरज घराचीही होती. दहा कोस चालून आलेल्या माणसाने पाय पसरले तर त्यात एवढं काय? म्हण नेहमी घरमालकाच्या बाजूने का बोलते, हे मला लहानपणीही कळलं नव्हतं. पाहुण्याच्या बाजूची एक तरी म्हण आठवावी म्हणून मी बराच वेळ घालवला. ‘अतिथी देवो भव’ आठवलं, पण ते संस्कृत, आणि तेही यजमानालाच केलेला उपदेश.

शिवाय म्हणीतला भट एकटाच असतो. त्याला बायको नाही. समजा असती, आणि ओसरीवरच मूल झालं असतं, तर ते कुठलं?

आपल्याकडे असं होणं अवघडच. कारण पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून ज्या गावाचं नाव आहे तिथे मी आईचं बाळंतपण आटोपेपर्यंत होते, नंतर सुट्ट्यांपुरती. ‘तुमचं गाव कुठलं?’ असं विचारलं तर मी वडिलांचं गाव सांगते, जिथे आता आमचं पडकं जोतं तेवढं उरलं आहे. जन्मभूमी म्हणून आपण डोळे ओले करतो खरे, पण रीतिरिवाजाने जन्माच्या जागेला आपण कवडीची किंमत दिलेली नाही. अर्धा महाराष्ट्र दुसऱ्याच्या गावात जन्मलेला आहे.

या रिवाजाची किंमत त्याच चुलतभावाच्या घराने मोजली. लग्नानंतर दोघं अमेरिकेत गेले. वहिनीला दिवस गेले तशी तिच्या आईने फोनवर एकच धोशा लावला, पहिलं बाळंतपण इकडेच. ती साताऱ्याला आली. डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी सगळं यथासांग झालं. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर व्हिसा लावून तिकडे नेली. दुसऱ्या वेळी आजीच विमानात बसली, डिंक बॅगेत घेऊन, आणि धाकटी एडिसनच्या इस्पितळात झाली. दोघी एकाच खोलीत वाढल्या, एकाच शाळेत गेल्या, दोघींचं मराठी सारखंच मोडकं. धाकटी जन्मतः नागरिक. थोरली बापाच्या व्हिसाला बांधलेली. एकवीस पूर्ण झाली तेव्हा तो आधार सुटला आणि जिथे बाराखडीच्या आधी ए-बी-सी शिकली त्या देशात तिला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा काढावा लागला. ग्रीनकार्डाची रांग देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेने अडलेली, आपल्या लोकांची लाखोंच्या घरात.

मग 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी आदेश काढला: आई बेकायदा राहणारी असो की कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असो, आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर यापुढे जन्मणारं मूल नागरिक नाही. न्यायालयांनी तो अडवला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण माझ्या भावाला बसलेला धक्का वेगळा होता. कुंपण ओलांडणारे आणि रांगेतले, दोघांना एकाच वाक्यात बसवलं होतं. ‘आम्ही आणि ते एक कसे?’ हा त्याचा प्रश्न मला पटतो, आणि पटतो म्हणून अस्वस्थही करतो.

तिथे जन्मला तो नागरिक, हा त्या देशातला नियम 1868 सालचा, चौदाव्या घटनादुरुस्तीचा. गुलामगिरीतून सुटलेल्यांना पुन्हा कुणी परकं ठरवू नये म्हणून केलेला. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा आचारी, चिन्यांना बंदी घालणारा कायदा जोरात असताना, चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरातच अडवलं. तो न्यायालयात गेला आणि 1898 मध्ये जिंकला. पुढे त्याच्या थोरल्या मुलालाच अधिकाऱ्यांनी परत पाठवलं, म्हणे बापाचं नातं पटत नाही.

त्याच 1898 सालात अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पंजाबरावांनी ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत काय म्हटलं ते वाचल्यापासून मला त्यांची तिथे आठवण येतेच. नागरिकत्वाच्या कलमावर ते भडकले होते. इतकं स्वस्त नागरिकत्व जगात कुठे नसेल, असा त्यांचा सूर. त्यांनी उदाहरण दिलं ते विमानाचं: एखादं जोडपं विमानाने जाताना मुंबईत थोडा वेळ थांबलं आणि तिथेच बाई बाळंत झाली, तर ते मूल भारतीय?

या मुलाचा विचार मी गरजेपेक्षा जास्त केला आहे. एअर इंडियाची लंडनची फेरी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या विमानात दिवस भरलेली बाई असलीच तर ती गडगंज घरातली. म्हणजे ज्याची भीती घातली ते मूल श्रीमंताचं. आणि प्रत्यक्षात त्या वेळी सभेच्या दाराबाहेर होते ते फाळणीने उठवलेले लाखो लोक, ज्यांच्याकडे विमान सोडा, कागदही नव्हता. शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळा-वसतिगृहं उभारणाऱ्या माणसाला विमानातलंच मूल का सुचलं? कदाचित विमानातल्या मुलाला नाही म्हणणं सोपं असतं. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईच्या मुलाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. त्याआधी 1947 मध्ये जन्मावरून नागरिकत्व देण्याच्या बाजूने बोलताना वल्लभभाई पटेलांनी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची आठवण करून दिली होती: तिकडे आपल्या माणसांसाठी मोठं मन मागायचं आणि इकडे आखूड करायचं, हे कसं चालेल? तेव्हा वल्लभभाईंची बाजू टिकली. पण आसाम आंदोलनानंतर, 1 जुलै 1987 पासून, भारतात नुसतं जन्मणं पुरेनासं झालं; आईवडलांपैकी एक जण नागरिक लागतो. डिसेंबर 2004 पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा, हीसुद्धा अट. पंजाबराव उशिरा का होईना जिंकले. मी जुन्या नियमातली, माझा मुलगा नव्या नियमातला. त्याचं नागरिकत्व माझ्यावरून ठरणार, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने टाकलेली 1 जून ही तारीख आहे.

माझं भागून जाईल. जिचं भागत नाही ती बाई बीडहून कोयता घेऊन कोल्हापूरच्या फडात जाते, तिथे कोपीत बाळंत होते, आणि हंगाम संपल्यावर गावी परतते. त्या मुलाचा जन्म कुठल्या ग्रामपंचायतीत नोंदवायचा? इकडचे म्हणतात तिकडे, तिकडचे म्हणतात इकडे. उशिरा केलेल्या जन्मनोंदी म्हणजे घुसखोरांची सोय, असा संशय 2025 च्या सुरुवातीला मालेगावपासून विदर्भातल्या तालुक्यांपर्यंत पसरला आणि चौकशा लागल्या. त्यात खोटं काही सापडलं नसेल असं मी म्हणत नाही. पण उशिरा नोंद करतं कोण? ज्याला वेळेवर कचेरीत जायला मजुरी बुडवावी लागते तोच.

कागद नसल्याची शिक्षा पोरांना, असं टेक्सासमध्येही 1975 साली झालं होतं. कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा सरकारने थांबवला, आणि पुढे टायलर गावच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला हजार डॉलर मागितले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पाच विरुद्ध चार. एका मताने. ती मुलं त्या मातीत जन्मलेली नव्हती, तरी त्यांना शाळा मिळाली. मग मातीचा मुद्दा एवढा मोठा का धरायचा, असंही कधी वाटतं.

भावाच्या दोन मुलींकडे पाहिलं की मी पुन्हा घोटाळ्यात पडते. जन्माच्या जागेवर माणसाचं भवितव्य टांगणं किती आंधळं आहे, हे त्या दोघीच दाखवतात. पंजाबराव असते तर म्हणाले असते, मग मी दुसरं काय सांगत होतो? पण रक्ताचा नियम लावला असता तर दोघी सारख्याच अधांतरी राहिल्या असत्या. हाही न्यायच म्हणायचा का?

धाकटी म्हणते, मी एकवीसची झाले की ताईसाठी अर्ज करीन. भावंडांची रांग दीड दशकाहून लांब आहे, हे थोरलीला पाठ आहे. तिने कॅनडाचे फॉर्म भरलेत. तिथे जन्मलेल्याला नागरिकत्व मिळतं, हे तिने मला मुद्दाम सांगितलं. तिचं अजून लग्नही ठरलेलं नाही, पण पहिल्या बाळंतपणाला आईकडे, म्हणजे न्यू जर्सीला, जायचं की नाही यावर मायलेकींचं एकदा भांडण होऊन गेलं आहे.