दोरा कुणाच्या हातात?

लेकाच्या बाराव्या वाढदिवसाला त्याच्या काकाने ड्रोन पाठवला. एप्रिलमधला शनिवार होता आणि ग्लासगोत चक्क ऊन पडलं होतं. इथे ऊन पडलं की माणसं हातातलं काम टाकून बाहेर पळतात, तशी आमची दोघं बापलेक चार्जिंगच्या दिव्याकडे बघत दारात उभी. मी मात्र तो ड्रोन उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २४९ ग्रॅम.

"आई, तो काही रवा नाहीये," लेक म्हणाला.

"दोन मिनिटं मागच्या अंगणात उडवून बघू. कोण बघतंय?" इति नवरा.

"कोण बघतंय" हे शब्द ऐकले की माझ्यातली बाई जागी होते. बाई म्हणजे शाळेतली. इथे येण्याआधी मी आठ वर्षं येवल्याला मराठी शिकवत होते. खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. तो वाचून मी जाहीर केलं, "नोंदणी झाल्याशिवाय हे उडणार नाही." पुढचा तासभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच घरांत हा प्रसंग आला असेल किंवा येईल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ब्रिटनमध्ये ड्रोनची नोंदणी ३० नोव्हेंबर २०१९ पासून सक्तीची आहे. ती इथलं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण, म्हणजे सीएए, ऑनलाइन करून घेतं. यंदा १ जानेवारीपासून नियम आणखी खाली आले. १०० ग्रॅम किंवा त्याहून जड काहीही उडवायचं असेल तर उडवणाऱ्याकडे 'फ्लायर आयडी' हवा. १०० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला कॅमेरा असेल तर 'ऑपरेटर आयडी'ही हवा. पूर्वी अडीचशेच्या आतले छोटे ड्रोन परीक्षेतून सुटायचे. आमचा तो एक ग्रॅमचा फायदा आता उरला नाही.

हे दोन क्रमांक वेगवेगळे का, हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं. फ्लायर म्हणजे ज्याच्या हातात रिमोट आहे तो. ऑपरेटर म्हणजे जो त्या यंत्राची जबाबदारी घेतो तो. फ्लायर लहान मुलगाही होऊ शकतो. तेरा वर्षांखालच्या मुलाची नोंदणी करताना आईवडिलांपैकी कुणी शेजारी बसावं लागतं, एवढंच. ऑपरेटर मात्र अठरा वर्षांचा पूर्ण हवा. त्याला परीक्षा नाही, पण दरवर्षी थोडे पौंड भरून नूतनीकरण आहे. आणि ड्रोनवर जो क्रमांक चिकटवायचा तो फ्लायरचा नाही, ऑपरेटरचा.

"मग ऑपरेटर बाबा," लेक म्हणाला.

"मी होते," मी म्हणाले. तोंडातून पटकन निघून गेलं. का, ते नंतर सांगते.

परीक्षा फ्लायरची. चाळीस प्रश्न, उत्तीर्ण व्हायला तीस बरोबर हवेत. फी नाही, नापास झालात तर पुन्हा देता येते, आणि सोडवताना ड्रोनची नियमावली उघडी ठेवायलाही परवानगी आहे. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा! आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मुलांना बाकावर उभं केलं, ती इथे सरकारमान्य. मी ठरवलं, आपणही द्यायची, आणि पुस्तक न बघता द्यायची. जबाबदारी आपली, तर नियम आपल्याला पाठ हवेत. मला २९ मिळाले. लेकाने नियमावली शेजारी ठेवून शांतपणे ३६ मिळवले आणि मला म्हणाला, "बाई, पुन्हा अभ्यास करा."

अभ्यास केला आणि त्यात गोडी वाटायला लागली. १२० मीटरच्या वर जायचं नाही. कारण एरवी विमानं साधारण १५० मीटरच्या खाली येत नाहीत, म्हणजे मधली पट्टी दोघांपासून मोकळी राहते. ड्रोन सतत डोळ्यांना दिसला पाहिजे. गर्दीवरून कधीच न्यायचा नाही, वजन कितीही असो. अडीचशे ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर माणसांपासून ५० मीटर लांब. रात्री उडवायचा तर त्यावर हिरवा लुकलुकता दिवा. विमानतळाभोवती तर बंदच. पेझलीजवळच्या आपल्या ग्लासगो विमानतळाभोवती अडीच नॉटिकल मैलांचं, म्हणजे साडेचार किलोमीटरहून थोडं मोठं वर्तुळ आहे. शिवाय धावपट्टीच्या दोन्ही टोकांना पुढे लांब पट्टे आहेत. तिथे नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय ड्रोन वर जाऊ शकत नाही. रेनफ्रूला राहणाऱ्या मंडळींनी आपलं अंगण आपलंच आहे असं समजू नये. अंगण तुमचं, वरचं आभाळ नाही.

एक गंमत सांगते. पतंगालाही इथे मर्यादा आहे, ६० मीटर. आणि आपल्याकडच्या १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत चक्क पतंग होता. हे वाचून मी हसले आणि मग थांबले.

आमचं येवलं पैठणीसाठी ओळखलं जातं, पण संक्रांतीला ते फक्त पतंगांचं असतं. तीन दिवस गाव गच्चीवर. हातात आसारी, खाली हलकडी वाजतेय, आणि आभाळात जागा शिल्लक नाही. मी लहान असताना नाना, म्हणजे माझे वडील, आसारी धरायचे आणि म्हणायचे, "पतंग उडवणाऱ्याने वर बघावं, पण पाय कुठे आहेत ते विसरू नये."

२०११ सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नाना स्कूटरवरून घरी येत होते. रस्त्यावर आडवा आलेला नायलॉनचा मांजा त्यांच्या गळ्याला लागला. मफलर होता म्हणून वाचले. सात टाके पडले. कापलेला पतंग कुणाचा होता, मांजा कुणाचा होता, हे कधीच कळलं नाही. गल्लीत विचारलं तर जो तो म्हणे, आमचा नव्हता. दोरा हातात असतो तोवर पतंगाला मालक असतो. दोरा तुटला की तो कुणाचाच नाही. पुढे २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असल्या मांजावर बंदी घातली. नानांच्या गळ्यावरचा वळ मात्र अजून आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरा आल्या. ऐन नाताळात सुमारे हजार उड्डाणं बिघडली, १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. ड्रोन कुणाचा, हे तिथेही कळलं नाही. नोंदणीचा निर्णय त्याच्या आधीच झाला होता, पण ती कशासाठी हे लोकांना त्या आठवड्यात समजलं असणार. ड्रोनला दोरा नसतो. त्यावर चिकटवलेला तो क्रमांक हाच त्याचा दोरा. तो धरून मागे मागे गेलं की एका माणसाच्या हाताशी पोचता आलं पाहिजे.

म्हणून तो हात माझा असावा असं मला वाटलं. आणि आणखी एक कारण, खरं सांगायचं तर. सात वर्षांपूर्वी मी या देशात आले तेव्हा माझ्या कागदांवर 'डिपेंडंट' लिहिलं होतं. अवलंबून असलेली. शब्द कायद्याचा आहे, त्यात अपमान नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. घरभाडं, वीजबिल, सगळीकडे नाव नवऱ्याचं. या देशाने एखाद्या गोष्टीची जबाबदारी फक्त माझ्या नावावर नोंदवली, ती ही पहिलीच. मी तो क्रमांक तीन मिलिमीटरहून उंच, सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटवला. फळ्यावर लिहावा तसा.

जूनमधल्या एका रविवारी आम्ही लेनॉक्सटाउनच्या वरच्या क्रो रोडने कॅम्प्सी टेकड्यांवर गेलो. पार्किंगपासून लांब, मेंढ्या नसलेली जागा शोधली. नकाशा पाहिला, वारा पाहिला. वारा जास्त होता, म्हणून पाऊण तास सँडविचं खात थांबलो. मग लेकाने ड्रोन वर नेला. खाली दूरवर ग्लासगो पसरलेलं, उन्हाचे कवडसे त्यावरून सरकत चाललेले. लेक स्क्रीनकडे बघायला लागला की मी म्हणत होते, "वर बघ. पण पाय कुठे आहेत?" नानांचं वाक्य माझ्या तोंडून आलेलं मला नंतर समजलं.

संध्याकाळी नानांना व्हिडिओ पाठवला. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना लांबचा विमानप्रवास मना केला आहे, आमचं ग्लासगो त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी तो तीनदा पाहिला. मग विचारलं, "पडला कुणाच्या डोक्यावर तर? कुणाचा म्हणून कळेल का?"

"कळेल नाना. माझा नंबर आहे त्यावर."

ते काही वेळ बोलले नाहीत. हात गळ्याकडे गेला, तो त्यांचा जातोच. मग म्हणाले, "बरं केलंस."

या संक्रांतीला आम्ही येवल्याला जातोय. लेकाला ड्रोन न्यायचा होता. तुमच्यापैकीही कुणाच्या मनात असेल तर आधीच सांगते, नेऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. इथली नोंदणी तिथे चालत नाही. कस्टममध्ये ड्रोन जमा होईल आणि मूल रडेल.

लेकाने हे आजोबांना तोंड पाडून सांगितलं. नाना म्हणाले, "राहू दे तुझं ते यंत्र तिकडेच. आसारी उतरवून ठेवलीय माळ्यावरून. साधा सुती दोरा भरून ठेवतो."