जिल्हा दक्षिण सातारा

आईच्या घरातल्या सामानाची यादी दादाने केली. त्यात एकविसाव्या ओळीत त्याने लिहिलं, ‘तंबोरा, जुना, दुरुस्त केलेला.’ पुढचा किमतीचा रकाना मोकळा सोडून वही माझ्याकडे सरकवली. म्हणाला, “हे तू भर. तुला त्यातलं कळतं.” कल्याणचं घर पुनर्विकासात जायचं होतं, आम्हा तिघांत वाटण्या व्हायच्या होत्या, आणि कुणाच्या पदरात कमी-जास्त पडू नये एवढीच त्याची धडपड.

मी डोंबिवलीत गाण्याचे वर्ग घेते. आईनेही चाळीसेक वर्षं कल्याणात तेच केलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कितीतरी मुली तिने परीक्षांना बसवल्या, त्या सगळ्या याच तंबोऱ्यावर. मीही त्यातलीच. पण त्याचं वय कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण ते ठाऊकच होतं. “बाबांनी माझ्या लग्नात मिरजेहून करवून घेतला,” असं आई सांगायची. लग्न १९६४ सालचं, म्हणून तंबोराही १९६४ चा.

बहिणीचा मुलगा बास गिटार वाजवतो. त्याने विचारलं, “मावशी, याचा नंबर कुठे असतो?” त्याच्या जगात वाद्याचं वय असंच काढतात: नंबर बघायचा, आतली वायरिंग बघायची, कंपनीच्या नावाचं वळण कोणत्या सालचं ते ताडून पाहायचं. हॉफ्नर नावाच्या जर्मन कंपनीने १९५६ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची पोकळ बास गिटार बाजारात आणली. तसली एक पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली होती. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा तिची दुरुस्ती करावी लागणार होती, हेही त्यानेच मला सांगितलं. आमच्या तंबोऱ्यावर नंबर नव्हता. पण दुरुस्ती झाली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत.

२६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी आईच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं. ती रात्र आईने वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे काढली. मी डोंबिवलीहून पोहोचले ती दुसऱ्या दिवशी दुपारी, रुळांतून चालत. दार ढकललं तर अजून गुडघाभर पाणी होतं. कपाट आडवं झालेलं, धान्याचे डबे उलटलेले, आणि खिडकीच्या गजांना दांडी टेकवून, तारा आभाळाकडे करून तंबोरा तरंगत होता. सुकलेला भोपळा बुडत नाही हे गावाकडच्या पोरांना ठाऊक असतं. पोहायला शिकताना कमरेला तोच तर बांधतात. कोनात उभा असलेला तंबोरा पाणी चढलं तसा आपोआप उचलला गेला होता.

खरी परीक्षा तो वाळताना झाली. आईने त्याला ऊन लागू दिलं नाही, लांबच्या पंख्याखाली ठेवला. लाखेचं पॉलिश साय धरल्यासारखं पांढरं पडलं, तबली एका कडेने सुटली. आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री सुपारी फुटावी तसा आवाज झाला. गळ्यापासून खाली वीतभर तडा गेला होता.

ठाण्याला वाद्यदुरुस्ती करणारे एक चाचा आहेत, मूळ मिरजेचे. त्यांनी तडा बोटाने चाचपला आणि नवा भोपळा बसवू या म्हणाले. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे हे कडू भोपळे खास वाद्यांसाठी पिकवतात. त्यातला जोडीचा बघतो, म्हणाले. आईने मान हलवली. “तडा सांधा. भोपळा हाच राहू दे.” चाचांनी तबली उघडली, आतला गाळ खरवडला, सरसात भिजवलेली कापडाची पट्टी तड्यावर आतून बसवली, वरून लाखेचे हात दिले. चार महिने लागले. तड्याची रेघ अजून दिसते, नखाला मात्र लागत नाही.

किंमत ठरवायला परवा त्याच चाचांकडे गेले. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि बराच वेळ एकही तार छेडली नाही. दांडीवरच्या पांढऱ्या पट्ट्या नखाने टोकरल्या. “सेल्युलॉइड. बरं झालं.” हस्तिदंत असता तर विकणं सोडाच, १९८६ मध्ये कायदा कडक झाल्यापासून त्याच्या व्यापारालाच बंदी आहे. मग खुंट्यांची भोकं दाखवली. प्रत्येक भोकात लाकडाचं वेगळं कडं बसवलेलं होतं. “खुंटी फिरून फिरून भोक सैल झालं की हे करतात. हे माझं काम नाही, आईंच्या हातात येण्याआधीचं आहे.” वरची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात, तीवर जाड तारांनी पडलेल्या खाचा होत्या आणि त्यांच्या शेजारी आईच्या बारीक तारांच्या. “ताई, हा मर्दानी तंबोरा आहे. काळी एकचा. आधी कुणी पुरुष गात होता याच्यावर, आणि बरीच वर्षं.”

तंबोरा मोठा आहे हे मला कळत होतं. आजोबांनी हौसेने मोठा घेतला, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग चाचांनी २००५ ची वही काढली. तबली उघडली तेव्हा गळ्याच्या आत, वरच्या अंगाला चिकटवलेली कारागिराची चिठ्ठी सापडली होती. पाणी तिथवर पोहोचलं नव्हतं. पत्ता त्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला होता: मिरज, जिल्हा दक्षिण सातारा. त्या नावाचा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कारागीर चिठ्ठ्या एकदम छापून घेतात, जुन्या संपेपर्यंत वापरतात, तेव्हा नुसत्या चिठ्ठीवर भरवसा ठेवता येत नाही. पण चिठ्ठी, खाचा आणि भोकांतली कडी एकत्र ठेवली की १९६४ चा तंबोरा म्हणता येत नाही.

मिरजेत शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सतारी-तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. पण त्या मानांकनाने आमच्या तंबोऱ्याच्या पहिल्या मालकाचं नाव कळणार नव्हतं.

“आईंना दाखवली होती चिठ्ठी,” चाचा म्हणाले. “त्यांनी दोनदा वाचली. म्हणाल्या, होती तशी परत आत चिकटवा.”

म्हणजे शेवटची कितीतरी वर्षं आईला ठाऊक होतं. आणि त्यानंतरही, नव्या मुलीला तंबोरा धरायला शिकवताना, ती तेच सांगत राहिली: माझ्या बाबांनी करवून घेतला.

रात्री दादाला फोन केला. सगळं ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, “आजोबांना मास्तरकीचा पगार किती होता गं तेव्हा?” ते मला सांगता आलं नाही. तीन मुलींची लग्नं त्यांनी त्या पगारात केली.

किंमत चाचांनी एका वाक्यात सांगितली: दुकानदार दहा-बारा हजारांपुढे जाणार नाही, दुरुस्ती सांगितली तर त्याहून खाली. तुणीचं इतकं मुरलेलं लाकूड मात्र आज मागूनही मिळायचं नाही. मी वहीत बारा हजार लिहिले आणि ते माझ्या वाट्यातून वजा करायला दादाला सांगितलं.

जवारी उतरली होती, ती काढून द्या म्हटलं. चाचांनी घोडीवर कानस फिरवली, सूत सरकवलं आणि म्हणाले, “एकदा त्याच्या मूळ सुरात ऐकून घ्या.” जाड तारा चढवून काळी एकला लावला. खर्ज छेडल्यावर माझा तळवा भोपळ्यावर होता. नाद आधी तळव्याला लागला, मग मनगटातून वर आला, आणि शेल्फावरच्या सुट्या खुंट्या किणकिणल्या. इतकी वर्षं मांडीशी घेतलेल्या या तंबोऱ्याचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. चाचांनी तो विरेपर्यंत हात लावला नाही.

“या तारा राहू देऊ?”

“नको चाचा, बारीक चढवा. काळी चारला. सहाच्या मुली येतील आता.”