शेवटच्या कडव्यातले नाव

मार्च महिना होता. तासगावजवळच्या एका शेडमध्ये आम्ही पंधरा-वीस बायका बेदाणा निवडत बसलो होतो. जयंती जवळ आली की शेडमध्ये भीमगीतांना ऊत येतो. कुणीतरी मोबाईल लावला आणि ओळखीचा आवाज आला. माझ्या भाच्याचा! मागे ढोलकीऐवजी डीजेचा दणका होता, पण पोरगा गात होता छान. बायका माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मलाही अभिमान वाटला.

ते गाणे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शेजारच्या गावच्या एका शाहिरांचे. दिवसभर वीटभट्टीवर राबायचे आणि रात्री चिमणीच्या उजेडात गाणी रचायची, असे त्यांचे आयुष्य गेले. गाण्याला चार कडवी आहेत. तीन झाली. चौथ्याची मी वाट पाहिली, पण ते आलेच नाही. दणका वाढला आणि गाणे संपले.

चौथ्या कडव्यात शाहिरांचे नाव होते.

आपल्या लोकांत ही रीत जुनी आहे. अभंगाच्या शेवटी तुकोबांचे नाव येते, तसेच आपल्या भीमगीतांतही येते. वामनदादा कर्डकांचे घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि १५ मे २००४ रोजी जाईपर्यंत समाजासाठी गाणी लिहीत राहिला. गाण्याच्या शेवटी ‘वामन’ आला की खेड्यातली निरक्षर म्हातारीसुद्धा सांगायची, हे वामनदादांचे. गरिबाकडे छापखाना नव्हता, वकील नव्हता. आपले नाव शेवटच्या कडव्यात विणून ठेवायचे, हीच त्याची नोंदणी. ते कडवे कापले की गाणे पोरके होते.

संध्याकाळी मी भाच्याला विचारले, “चौथं कडवं कुठं गेलं रे?”

“आत्या, लांब होत होतं. लोकं तीन मिनिटांच्या वर ऐकत न्हाईत.”

“आणि विचारलंस कुणाला?”

“कुणाला विचारायचं? शाहीर वारल्यात. आणि बाबासाहेबांच्या गाण्याला परवानगी कशाला लागती?”

तेव्हा मी त्याला त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आमच्या आण्णांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, चार जणांचा कोरस. ते स्वतः गाणी रचत आणि एका लांबट वहीत उतरवून ठेवत. एका जयंतीला बाहेरगावचा एक गायक आमच्याकडे मुक्कामाला होता. त्याने मागितली म्हणून आण्णांनी वही दिली. त्याने रात्रीतून काही गाणी उतरून घेतली. पुढे १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, तासगावच्या एस.टी. स्टँडवर कॅसेटच्या टपरीवर आण्णांनी आपलेच गाणे ऐकले. चाल तीच, शब्द तेच. शेवटच्या कडव्यात मात्र मात्रा जुळवून दुसऱ्याचे नाव बसवले होते. कॅसेटच्या कागदावर गीतकार म्हणूनही तेच नाव.

आण्णा भांडले नाहीत. म्हणाले, “गाणं बाबासाहेबांचं. पोचलं म्हंजे झालं.” पण त्या दिवसापासून त्यांनी वही कुणाच्या हाती दिली नाही. पार्टीतल्या पोरांनासुद्धा नवे गाणे उतरून दिले नाही. वही ट्रंकेत गेली. आण्णा गेल्यावर ट्रंक उघडली, तर निम्मी वही वाळवीने खाल्लेली. एका माणसाने न विचारता घेतले, त्याची किंमत अशी साऱ्या समाजाने मोजली. ती गाणी आता कुणालाच ठाऊक नाहीत.

भाचा गप्प बसला. पण हल्लीची पोरे हुशार आहेत. थोड्या वेळाने म्हणाला, “आत्या, आण्णांची चाल तरी स्वतःची कुठं होती? सिनेमाचीच की! गेल्या साली मी त्यांचं गाणं यूट्यूबवर टाकलं, तर चालीवर कंपनीनं दावा लावला. जाहिरातीचं पैसे त्यांनाच.”

याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. खरेच आहे ते. आपल्या गायन पार्ट्यांनी सिनेमाच्या चाली सर्रास घेतल्या. ओळखीच्या चालीवर बाबासाहेबांचा विचार लवकर पाठ होई. स्वतंत्र संगीतकार ठेवायला पैसा होता कुठे? तरीही ज्याने ती चाल बांधली, त्याचेही ते कष्टच होते. आपले कष्ट ते कष्ट आणि दुसऱ्याचे ते फुकट, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

मग मी सांगलीला एका वकील बांधवांना भेटून कायदा समजून घेतला. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाणे रचून कागदावर उतरले की हक्क आपोआप लागू होतो, नोंदणीची सक्ती नाही. कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे तो टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर २०६४ साल संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा, किंवा ज्यांना त्यांनी हक्क लिहून दिला असेल त्यांचा अधिकार आहे. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. जयंतीला हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या श्रोत्यांपुढे गाणे म्हटले, तर कायदा त्याला हक्कभंग मानत नाही. लग्नाच्या वरातीलाही सूट आहे. आण्णा वाड्यात पेटी घेऊन गायचे, ते या सुटीत बसते. पण तेच गाणे रेकॉर्ड करून विकायचे किंवा मोबाईलवरून जगाला वाटायचे, तर परवानगी हवी. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवून रेकॉर्ड करायचे, तरीही हवी.

२०१२ च्या दुरुस्तीने पुन्हा गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला एक वाट ठेवली आहे. मूळ ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे जावी लागतात. आधी नोटीस द्यायची, मानधन आगाऊ भरायचे, आणि शब्द-चालीत मनमानी बदल करायचा नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते कलम ५७. कवीने पैसे घेऊन सगळे हक्क विकले, तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार उरतो. त्याच्या कृतीची मोडतोड होऊन त्याची अप्रतिष्ठा होत असेल, तर त्याला हरकत घेता येते. कवीच्या पश्चात त्याच्या नावासाठी उभे राहण्याची मुभा २०१२ पासून वारसांनाही मिळाली आहे.

पण आपल्याला कायद्याच्याही आधी शील आहे. आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील काय? अदिन्नादाना वेरमणी. ‘चोरी करणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ आपण पोरांना सांगतो. शब्द नीट पाहिला तर अर्थ असा, की जे दिलेले नाही ते घेण्यापासून मी दूर राहीन. कुणी देईपर्यंत ती वस्तू आपली नाही. मग विचारायला लाज कसली?

पुढच्या रविवारी मी भाच्याला घेऊन शाहिरांच्या घरी गेले. काकी आता थकल्या आहेत. जयभीम केला आणि भाच्याने खाली मान घालून सगळे सांगितले. काकी म्हणाल्या, “आधी ऐकव तरी बाळा.” मोबाईल कानाशी धरून त्यांनी सगळे ऐकले. रागावतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कडव्यात तू चुकलास. डोईवरची माती न्हवं रं. डोईवरची पाटी गेली, हातात पाटी आली, असं हाय ते.”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. वीटभट्टीवर डोक्यावर वाहायची ती पाटी आणि शाळेत लिहायची तीही पाटी! त्या माणसाचे अख्खे आयुष्य त्या एका शब्दात होते, आणि कुठूनतरी ऐकून गाणाऱ्या आमच्या पोराने त्याची माती केली होती. विचारायला गेलो नसतो, तर चुकीचेच गाणे पुढच्या पिढीला गेले असते.

काकींनी परवानगी दिली. वारसांत दोन मुलगेही असल्याने त्यांना बोलावले. वहीच्या पानावर साध्या मराठीत लिहिले : गाणे कोणाचे, कोण गाणार, कशासाठी, किती वर्षांसाठी, नाव कुठे येणार, आणि पैसे आलेच तर निम्मे काकींचे. तिघांनी खाली सह्या केल्या. वकील बांधव म्हणाले होते, तोंडी शब्दावर राहू नका, हक्कदाराच्या सहीचा कागद हवा. भाच्याने जुने गाणे काढून टाकले आणि १४ एप्रिलच्या आत चारही कडव्यांसह नवे केले. शेडमध्ये ते लागले तेव्हा शेवटच्या कडव्याला एक वयस्क बाई हातातला बेदाणा तसाच ठेवून म्हणाली, “अगं, हे तर आमच्या शाहिरांचं!”

समाजबांधवांनो, आपल्या कितीतरी घरांत आजोबांची, वडिलांची वही ट्रंकेत पडून असेल. ती या आठवड्यात बाहेर काढा. प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचे नाव, गाव आणि आठवत असेल तर साल लिहा. पानांचे फोटो काढून मुलांकडे ठेवा. चाल सिनेमाची असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. आणि गाणाऱ्या मुलांनो, गाण्याआधी एकदा त्या घरी जाऊन या. फार तर एस.टी.चे भाडे जाईल.

आण्णांच्या वहीतली वाचलेली पाने मी भाच्याला दिली आहेत. एका पानावर शेवटचे कडवे अर्धेच उरले आहे. ते तू पुरे करू नकोस, असे मी त्याला सांगितले आहे. जेवढे आहे तेवढेच गा, आणि खाली त्यांचे नाव लिही.