खाऱ्या पाण्याचा हिशोब



समुद्र कुठे आणि आमचं जळगाव कुठे! तरी गेल्या पावसाळ्यापासून आमच्या हॉलमध्ये शंभर लिटर समुद्र आहे. नातवाला सिनेमातल्या निमोसारखा नारिंगी-पांढरा मासा हवा होता. क्लाउनफिश म्हणतात त्याला.

मी अटी घातल्या. समुद्रातून पकडलेला मासा नको, हॅचरीत जन्मलेलाच हवा. जिवंत प्रवाळ तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला बंदी आहे.

आमचं बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं घेतलं. लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, टाकीसाठी वेगळं मिळतं. पाणी कमी झालं की मी खारंच पाणी ओतत राहिले, आणि घनता 1.025 वरून 1.028 वर गेली! पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. बी.कॉम. झालेल्या बाईला मुद्दल आणि व्याज कळू नये? आता वरून गोडंच पाणी घालते.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी मेलेल्या कोळंबीचा तुकडा टाकतात म्हणे. मी नाही म्हटलं. बाटलीतला अमोनिया थेंब थेंब घातला. रोज नळीत पाणी तपासून वहीत नोंद. हिरवा रंग पिवळा व्हायला अडतीस दिवस लागले.

मासे आले, दोन. आणि माझी झोप गेली. पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत 'बंध' पहिलाच. हॅचरीतला असला तरी काचेत कोंडलेलाच ना? त्यात खाण्याच्या डबीवर वाचलं तर माशांचीच भुकटी. डबी स्वयंपाकघराबाहेर, बाल्कनीत ठेवली. खाऊ घालणं नातवाकडे.

मग तो मामाकडे धुळ्याला गेला, चार दिवस. पहिल्या दिवशी मी डबीला हात लावला नाही. संध्याकाळी दोघं काचेजवळ येऊन माझ्याकडे बघत राहिले. अन्नपाननिरोध हाही अतिचारच! दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर वेगळा चमचा काढला, चिमूटभर घातलं, साबणाने हात धुतले. सूर्यास्ताच्या आत, आमच्यासारखंच.

नातू परत आला. चमचा अजून बाल्कनीतच आहे. महाराजसाहेबांना विचारायचं आहे. दोनदा स्थानकात जाऊन न विचारताच परतले.